टचस्क्रीनवरच्या खेळांतून संगीत घडवणे : मुलांच्या बोटांखाली पाच स्वर ठेवावेत की बारा?

घंटाळीकर (नौपाडा, ठाणे)

मानपाड्याच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये गेल्या जूनपासून दर रविवारी सकाळी मी सात ते अकरा वर्षांच्या नऊ मुलांना घेऊन बसते. दोन टॅब्लेट, एक जुनी पेटी आणि माझ्या भावाने परदेशातून आणलेला निन्टेन्डो डीएस (स्पर्शपडदा असलेला हातातला गेम-संच) एवढीच आमची सामग्री आहे. गाणे शिकवणे हे शिक्षकांचे काम आहे, ते मी करत नाही. पडद्यावर बोट फिरवून मुले स्वतः काही रचू शकतात का, आणि रचताना त्यांचे ऐकणे बदलते का, हे मला पाहायचे आहे. त्यातून एक प्रश्न उभा राहिला आहे आणि तो एकटीने सुटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करते, कारण पालकांशी बोलताना येथेच घोटाळा होतो. ‘संगीताचे गेम’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एका प्रकारात गाणे आधीच ठरलेले असते आणि पडद्यावर वरून खाली येणाऱ्या खुणांवर वेळेत बोट टेकवायचे असते. २०१४ साली गाजलेला ‘पियानो टाइल्स’ हा त्याचा सर्वांना माहीत असलेला नमुना. त्यात चपळाई वाढते, पण शंभर मुलांनी तो खेळला तरी शंभरांकडून तेच गाणे निघते. दुसऱ्या प्रकारात गाणे नसतेच. असते ते एक छोटे जग आणि त्याचे नियम. त्या जगात ढवळाढवळ केली की आवाज उमटतो.

या दुसऱ्या प्रकाराचे मला सर्वांत प्रिय उदाहरण म्हणजे जपानी माध्यम-कलावंत तोशिओ इवाई यांनी निन्टेन्डो डीएससाठी तयार केलेला आणि २००५ साली जपानमध्ये आलेला ‘इलेक्ट्रोप्लँक्टन’. सूक्ष्मदर्शक, टेपरेकॉर्डर, सिंथेसायझर आणि निन्टेन्डोचा जुना घरगुती गेम-संच या आपल्या आवडीच्या चार गोष्टी त्यात एकत्र आल्याचे इवाई यांनी सांगितले आहे. त्यात दहा प्रकारचे काल्पनिक जलजीव आहेत. ‘हानेनबो’ या प्रकारात पाण्यातून वर आलेल्या रोपाच्या पानांवर हे जीव उडून आपटतात आणि प्रत्येक आपटण्याला एक स्वर निघतो. खेळणाऱ्याने फक्त पानांचा कोन बदलायचा. पान थोडे वळवले की जीव वेगळीकडे उसळतो, दुसऱ्याच पानावर पडतो आणि चाल बदलते. ‘ल्युमिनारिया’ प्रकारात पडदाभर बाण आहेत, चार जीव चार वेगांनी त्या बाणांच्या दिशेने फिरतात आणि एक बाण फिरवला तरी पुढची सारी वाट बदलते. ‘रेक-रेक’मध्ये चार मासे आपण काढलेला आवाज गिळतात आणि तो तालात परत म्हणतात. यात गुण मिळत नाहीत, पातळ्या नाहीत आणि हरणेही नाही.

आता माझा प्रश्न. अशा बहुतेक खेळांत रचनाकाराने स्वर आधीच निवडून ठेवलेले असतात. गूगलच्या ‘क्रोम म्युझिक लॅब’ या मोफत संकेतस्थळावर २०१८ साली ‘साँग मेकर’ नावाचा खेळ आला. त्याच्या सेटिंगमध्ये सात स्वरांचे, पाच स्वरांचे आणि बारा स्वरांचे असे तीन पर्याय आहेत. पाच स्वरांचा पर्याय लावला की आपल्या भूप रागाचे सा, रे, ग, प, ध मिळतात. कोणत्याही दोन स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर उरत नाही, त्यामुळे मुलाने कुठेही बोट लावले तरी कानाला टोचत नाही. पहिल्या रविवारी या पर्यायाने जादू केली. लाजणारी मुलेही पाच मिनिटांत ‘ताई, माझे ऐका’ म्हणत पुढे आली. परंतु सहाव्या रविवारी मला असे आढळले की मुलांनी ऐकणेच सोडून दिले आहे. ती चौकटींत घर, मासा, स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर अशी चित्रे काढत होती, कारण काहीही काढले तरी ते गोडच वाजणार याची त्यांना खात्री झाली होती. मग मी बारा स्वर दिले, तर दोन मुले ‘घाण वाजते’ म्हणून टॅब्लेट ठेवून उठली.

पाच ठेवावेत, बारा द्यावेत, की वेगळाच एखादा मार्ग आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिध्वनी (ऐरोली)

मी ध्वनिविषयक सॉफ्टवेअरचे काम करतो. स्वरांच्या निवडीबद्दल संगीत जाणणारे लिहितीलच, त्यामुळे मी त्याआधीची एक पायरी मांडतो. आपण आवाज टॅब्लेटच्याच स्पीकरमधून ऐकवता, की ब्लूटूथ स्पीकर जोडता?

हे विचारण्याचे कारण असे. बोट काचेला लागल्यापासून आवाज कानी पडेपर्यंत बरेच टप्पे असतात. पडदा सेकंदाला ६० वेळा स्पर्श तपासत असेल तर तेथेच जवळजवळ १७ मिलिसेकंदांपर्यंत वेळ जाऊ शकतो. पुढे ध्वनीचे नमुने, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे, एका साठवणीत (बफरमध्ये) भरून मगच बाहेर पाठवले जातात. सेकंदाला ४८,००० नमुने आणि साठवण ५१२ नमुन्यांची असेल तर आणखी जवळजवळ ११ मिलिसेकंद लागतात. एवढा उशीर मुलांना चालून जातो. हवेतून आवाज १० मिलिसेकंदांत सुमारे साडेतीन मीटर जातो, म्हणजे तबल्यापासून तेवढ्या अंतरावर बसलेला श्रोता हा उशीर सहजच सोसत असतो. ब्लूटूथ मात्र यात १०० ते २०० मिलिसेकंदांची, कधी त्याहूनही जास्त भर घालते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. त्यातील २०० मिलिसेकंद उशीर झाला तर मुलाच्या बोटाचा आणि आवाजाचा संबंधच तुटतो. त्याने बोट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टेकवलेले असते आणि आवाज समेनंतर येतो. असे चार वेळा झाले की मूल ऐकणे सोडून पाहू लागते. आपल्या मुलांनी चित्रे काढायला सुरुवात केली त्याचे एक कारण हेही असू शकेल.

चांगले रचनाकार हा उशीर खेळाच्या नियमातच सामावून घेतात. फ्रान्समधील ल्यों शहरातून २००९ साली आलेल्या ‘इन्क्रेडिबॉक्स’मध्ये तोंडाने ताल धरणारी पात्रे असतात. त्यांतील एखाद्यावर आपण चिन्ह ओढून टाकले तरी ते लगेच गाऊ लागत नाही. चालू आवर्तन पुरे होण्याची वाट पाहून ते नव्या आवर्तनात सामील होते. त्यामुळे उशीर जाणवत नाही आणि मुलाला वाट पाहण्याची सवय लागते. आपल्याकडे साथीला बसणारा माणूसही सम येईपर्यंत थांबतोच की.

तूर्त एकच सुचवतो. स्पीकर तारेने जोडून पाहा.

निशिगंध (सीवूड्स)

माझा छोटा प्रश्न आहे. ‘इलेक्ट्रोप्लँक्टन’च्या मूळ आवृत्तीत केलेली रचना साठवून ठेवण्याची सोय नाही असे वाचले होते. मुलांना त्याचे वाईट वाटत नाही का?

घंटाळीकर

निशिगंध, अगदी बरोबर, ती सोय नाही. पहिल्या दिवशी एका मुलाच्या डोळ्यांत पाणी आले होते. नंतर मात्र मुले एकमेकांना हाका मारू लागली, कारण जे वाजते आहे ते आत्ताच कोणीतरी ऐकले पाहिजे हे त्यांना उमगले. ‘साँग मेकर’मध्ये केलेल्या रचनेचा दुवा साठवता येतो, तो मुले आजी-आजोबांना पाठवतात. मला दोन्ही गोष्टी हव्याशा वाटतात, पण कान अधिक टवकारलेले दिसतात ते साठवणूक नसते तेव्हा.

प्रतिध्वनी, होय, आम्ही ब्लूटूथ स्पीकरच वापरत होतो. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. तार आणते.

षड्ज (वाशी)

घंटाळीकर ताई, मी सत्तावीस वर्षे गाणे शिकवतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षांना माझी मुले बसतात. आपला उपक्रम मला मनापासून आवडला आणि म्हणूनच दोन आक्षेप सविस्तर नोंदवत आहे.

पहिला आक्षेप ‘भूपाचे स्वर’ या शब्दप्रयोगाबद्दल आहे. पाच स्वर दिल्याने भूप दिला असे होत नाही. देसकार रागाचे स्वर हेच पाच आहेत. भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि धैवत (ध) संवादी, म्हणजे त्याखालोखालचा स्वर, आहे, तर देसकारात धैवत वादी आणि गंधार संवादी. भूप पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) रमतो, देसकार उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात). गाणारा कोणत्या स्वरावर थांबतो, कोणत्या स्वराला नुसता स्पर्श करून पुढे जातो, वरून खाली कसा येतो, यावर राग ठरतो. पाच स्वरांची चौकट उभी करून गेमचा रचनाकार बाजूला होतो आणि मुलाला निवडायला काहीच उरले नाही असा समज होतो. खरे तर तेथून निवडीला सुरुवात होते. तेव्हा पाच की बारा हा प्रश्न मी थोडा बदलून मांडेन. पाचच ठेवा, पण मुलाला सांगा की आज तुझे घर ‘ग’ आहे, कुठेही फिर आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी घरी ये. पुढच्या रविवारी त्याच पाच स्वरांत घर ‘ध’ करा आणि दोन्ही रचना लागोपाठ ऐकवा. रागांची नावे सांगू नका. फरक ऐकू आला की मुले स्वतःच विचारतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या खेळांतील स्वर पेटीसारखेच सप्तकाचे बारा समान भाग करून घेतलेले असतात. सा पांढरी एकवर, म्हणजे २६१.६ हर्ट्झला धरला, तर समान भागांतील गंधार ३२९.६ हर्ट्झला येतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधाराच्या हिशेबाने तो ३२७ हर्ट्झला हवा. म्हणजे गेममधला गंधार सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा आहे. तानपुरा लावून तो गंधार धरून ठेवला की सेकंदाला सुमारे पाच वेळा डुगडुग, म्हणजे आवाजाची थरथर, ऐकू येते. ज्या मुलाचा कान वर्षभर त्या गंधारावर पोसला जाईल, त्याच्या गळ्यातून नंतर तो उतरवून घ्यायला मला पुढचे वर्ष लागते. ही माझी रोजची झुंज आहे.

तरीही काचेच्या पडद्याला मी नावे ठेवत नाही, उलट पेटीपेक्षा त्यावर माझी आशा जास्त आहे. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसते, त्यामुळे पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, येत नाही. काच मात्र सलग आहे. बोट ‘ग’वरून ‘रे’कडे सरकवताना वाटेतले सारे काही वाजवता येणे तिच्यावर शक्य आहे. चौकटी रचनाकाराने आखल्या, त्या काचेने मागितल्या नव्हत्या. चौकटी नसलेला एखादा खेळ आपल्याला ठाऊक असेल तर मुलांना तो अवश्य द्यावा आणि सोबत तानपुरा लावून द्यावा.

सोळामात्रा (कळवा)

षड्ज सरांनी स्वरांबद्दल लिहिले, तसेच मी तालाबद्दल थोडे लिहितो, कारण ‘साँग मेकर’ मी माझ्या नातवाबरोबर भरपूर हाताळला आहे.

सेटिंगमध्ये चार भाग, प्रत्येक भागात चार मात्रा आणि मात्रेचे आणखी तुकडे नाहीत, अशी मांडणी केली की नेमक्या १६ चौकटी मिळतात. सोळा मात्रांच्या तीनतालाचे चार विभाग डोळ्यांसमोर उभे राहतात. खालच्या बाजूला तालवाद्याच्या दोन ओळी आहेत. त्यांतील खर्जाची ओळ डग्याची (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याची) आणि दुसरी तबल्याची मानावी. तबल्याच्या ओळीत सोळाही ठिकाणी ठिपका द्यावा. डग्याच्या ओळीतही सगळीकडे ठिपके द्यावेत आणि मग मुलाला दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंतचे चार ठिपके पुसायला सांगावे. ठेक्यात तेथे ‘तिं तिं ता ता’ येते, डगा गप्प असतो. चौदाव्या मात्रेला ‘धिं’ने डगा परत येतो आणि सम जवळ आल्याचे सांगतो.

माझ्या नातवाने ते चार ठिपके पुसले, आवर्तन तीन वेळा फिरू दिले आणि म्हणाला, ‘आजोबा, मधे जमीन गेली आणि परत आली.’ तालातला ‘काल’ (खाली, म्हणजे टाळी न देण्याची जागा) म्हणजे काय, हे मी त्याला हाताने टाळी देऊन आणि हात फिरवून वर्षभर दाखवत होतो. ते त्याला चार ठिपके पुसल्यावर कानाने कळले. ठिपके वाढवत नेण्याची हौस या खेळांत मुलांना फार असते, पण पुसण्याने काय होते हे त्यांना कोणीतरी दाखवावे लागते.

एक सावधगिरीची सूचना. काचेवर बोट जोरात मारले काय आणि हलके मारले काय, बहुतेक खेळांत आवाज तेवढाच निघतो. २०११ साली आयपॅडवर आलेल्या ‘गॅरेजबँड’ने उपकरणाला बसणारा हादरा मोजून त्यावरून आघाताचा जोर ओळखण्याची युक्ती केली होती, परंतु ती सर्वत्र नाही. तबल्यात हाताचे वजन हेच तर शिकायचे असते. म्हणून मी नातवाला आधी मांडीवर हाताने ठेका वाजवायला लावतो आणि नंतरच पडद्यावर मांडू देतो.

पारसिक (नेरूळ)

माझ्या मुलीला जन्मापासून स्नायूंवर ताबा ठेवण्यात अडचण आहे. ती अकरा वर्षांची आहे. पेटीची पट्टी दाबून धरणे तिला जमत नाही, तबल्यावर बोट नेमके पडत नाही. तिच्यासाठी ब्रायन ईनो आणि पीटर चिल्व्हर्स यांचे २००८ सालचे ‘ब्लूम’ हे ॲप आम्ही वापरतो. पडद्यावर कुठेही बोट टेकले की एक वर्तुळ उमलते आणि स्वर निघतो. खाली टेकले तर खर्जातला, वर टेकले तर चढा. तो स्वर ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा येतो आणि हळूहळू विरून जातो.

षड्ज सर, आपला चढ्या गंधाराचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु जिला आयुष्यात एकही स्वर स्वतःच्या हाताने काढता आला नव्हता, तिच्यासाठी ‘काहीही केले तरी चुकत नाही’ हा नियम म्हणजे उघडे दार होते. तिने पहिले दोन महिने फक्त वर्तुळे पाहिली. आता ती एक स्वर देते, तो परत येईपर्यंत थांबते आणि तो आल्यावर दुसरा देते. त्या थांबण्यात ती ऐकत असते, हे तिच्या चेहऱ्यावरून कळते. घंटाळीकर ताईंच्या मुलांनी सहाव्या रविवारी ऐकणे सोडले असेल, पण प्रत्येकाचा सहावा रविवार एकाच वेळी येत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

षड्ज

पारसिक, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य. माझा आक्षेप ज्यांना गळ्याने गायचे आहे त्यांच्यापुरता होता आणि तो मी तसा स्पष्ट लिहायला हवा होता. आपल्या मुलीचे थांबणे ही मोठी गोष्ट आहे. माझ्या वर्गातील पुष्कळ मुलांना पाच-पाच वर्षे शिकूनही दोन स्वरांच्या मध्ये थांबता येत नाही.

घंटाळीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन रविवार गेले, त्यांचा वृत्तांत लिहिते.

तार जोडल्याबरोबर फरक पडला. नऊपैकी चार मुलांनी आपण होऊन ताल धरला. ‘मधे जमीन गेली’ हे वाक्य मी मुलांना सांगितले नव्हते. डग्याचे चार ठिपके पुसल्यावर एका मुलीने विचारले की पंखा बंद केला का. ती बराच वेळ वर पाहत होती.

घर ‘ग’ आणि घर ‘ध’ हा प्रयोग दुसऱ्या रविवारी केला. चित्रे काढणे थांबलेले नाही, पण आता चित्राच्या शेवटच्या ठिपक्यावर वाद होतात. माशाची शेपटी ‘प’वर संपली तर ती मुद्दाम वळवून ‘ग’वर आणली जाते. दोन्ही रचना लागोपाठ ऐकवल्यावर सर्वांत धाकटा म्हणाला की दुसरी सकाळची आहे. षड्ज सर, देसकार सकाळचा राग आहे हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते, आणि योगायोगाहून जास्त काही यात आहे असा माझा दावा नाही. पण मला तो क्षण विसरता येत नाही.

चौकटी नसलेला खेळही सापडला. ‘क्रोम म्युझिक लॅब’मध्येच ‘ऑसिलेटर्स’ नावाचा प्रयोग आहे. त्यात एका गमतीदार आकृतीला बोटाने वर-खाली ओढले की स्वर सलग चढतो-उतरतो. करवतीच्या दात्यांसारखी तरंगरेषा असलेली आकृती मी निवडली आणि शेजारी दुसऱ्या टॅब्लेटवर पांढरी एकचा तानपुरा लावला. मुलांना एवढेच सांगितले की सा आणि प यांच्या मध्ये कुठेतरी एक जागा आहे, तेथे डुगडुग थांबते, ती शोधा. पहिल्या तिघांना ती सापडली नाही. चौथी ती पंख्याकडे पाहणारी मुलगी होती. तिने डोळे मिटले आणि बोट इतके हळू नेले की मला वाटले ती थांबलीच आहे. मग ती खरोखर थांबली. मी पेटीवरचा गंधार वाजवून पाहिला, तर तिचा किंचित खाली होता. ‘पेटी चुकली’, असे ती डोळे न उघडताच म्हणाली.

षड्ज सर, शक्य असेल तर येत्या रविवारी आपण मानपाड्याला याल का? ठाणे स्टेशनहून मी घ्यायला येईन. मुलांनी खरा तानपुरा अजून जवळून पाहिलेला नाही आणि त्या मुलीने विचारले आहे की अशी जागा फक्त ‘ग’लाच असते, की ‘ध’लाही असते.

षड्ज

येतो. तानपुरा घेऊन येतो. ‘ध’च्या जागा दोन आहेत, हे तिला आधी सांगू नका.